पैरा फेडायचा असतो

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. रात्री संगणक मिटत सूनबाई म्हणाली, "अत्ती, तीन महिने खपले, पण माझं काम कुणी बघितलंच नाही. सोडून देते आता."

आमची सून धारवाडची. नोकरी सांभाळून ती 'पोस्टग्रेस्‌क्यूएल' या मोफत सॉफ्टवेअरसाठी फावल्या वेळात लिहिते. जगभरचे लोक मिळून ते वाढवतात. लिहिणारे पुष्कळ, तपासणारे थोडे. आणि दुसऱ्याने तपासल्याशिवाय काही आत घेत नाहीत. म्हणून २००८ पासून तिथे तपासणीचे महिने ठरवलेले असतात; सध्या ते असे : जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी, मार्च. त्या महिन्यात एकमेकांचे तपासायचे, मधल्या महिन्यांत आपापले लिहायचे. एप्रिलमध्ये नव्या गोष्टींना दार बंद. मग चुका काढायच्या, की वर्षाची नवी आवृत्ती तयार. राहिलेले काम पुढच्या फेरीत जाते. तारीख कुणासाठी थांबत नाही. फेरीला एक कारभारी असतो, पण तोही स्वयंसेवकच. तो आठवण करून देणार, हुकूम कसा सोडणार?

"आणि एक नियम आहे," ती म्हणाली, "आपलं काम ठेवलं, की तेवढ्याच तोलाचं दुसऱ्याचं एक तपासायचं."

"मग तू कुणाचं तपासलंस?"

ती गप्प.

मला माहेर आठवले. खानापूर भागात भाताच्या लावणीला पैरा असे. आज आठ बायका आमच्या शेतात, उद्या आम्ही त्यांच्या. कानडीत हीच मुय्यी. पैसा कुणी देत नसे, पण दिवस मोजलेला असे. एका वर्षी घरच्या गडबडीत आम्ही दोन घरचा पैरा चुकवला. पुढच्या पावसात आमच्या बांधावर कुणी आले नाही. तरव्यात रोप वाढून गेले, निम्मे शेत पडून राहिले. आई कुणाला बोलली नाही. बोलणार काय? चूक आमचीच होती.

हे सांगितले तेव्हा सूनबाई नुसती ऐकत होती. नोव्हेंबरच्या फेरीत मात्र तिने आधी दुसऱ्याचे काम उघडले. चार रात्री त्यात घातल्या.

तिचे काम अजून आत गेलेले नाही. पण एका सकाळी मी चहा ठेवत होते, तेवढ्यात ती धावत आली. कुणी तरी तिचे लिखाण ओळ न् ओळ वाचून तीन चुका दाखवल्या होत्या. चुका निघाल्याचा एवढा आनंद मी प्रथमच पाहिला.

"अत्ती, मुय्यी बंत्री!"