हॉलचं कुलूप काढू या



गेल्या वर्षीच्या कापणीच्या सणाची गोष्ट. वेदीच्या दोन्ही अंगांना उंच ऊस बांधले होते. पुढ्यात ज्वारी, भोपळे, भुईमुगाच्या शेंगा आणि पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. पेटी-तबल्यावर भजन रंगात आलं होतं. तेवढ्यात दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. आठ-नऊ वर्षांची असेल. कडेवर भाऊ, त्याचं नाक वाहत होतं. कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्यालगत ऊसतोडीच्या टोळ्यांच्या कोप्या पडतात, तिथली असावी. पेटी ऐकून आली असणार. कडेवरचं पोर रडायला लागलं, मागच्या बाकावरच्या दोघातिघांनी माना वळवून पाहिलं, आणि मी उठून दार लावून घेतलं.

हो, मीच. दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायचं असतं, तर हे आवाहन लिहायला मला वर्ष लागलं नसतं.

उपासनेनंतर लिलाव झाला. वेदीजवळचे ऊस नातवंडांसाठी मीच चढ्या बोलीनं घेतले. घरी सोलायला बसले तेव्हा मनात आलं, हा ऊस त्या मुलीच्या आईनंही तोडलेला असू शकतो. त्या रात्री मला घास गेला नाही, असं काही सांगत नाही. जेवले, झोपले. पण ते दार डोक्यातून जात नाही.

पुण्या-मुंबईला गेलेले आपले लोकही हे वाचतील, म्हणून ओळख सांगते. मी ३४ वर्षं परिचारिका होते, आता निवृत्त आहे. मागच्या निवडणुकीत तुम्ही मला मंडळीची वडील म्हणून निवडलंत. 'आजी, तू वडील कशी?' असं नातीनं विचारलं होतं. त्याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

मागणं एकच आहे. चर्चच्या मागचा दगडी हॉल वर्षातून दोनदा उघडतो, नाताळाला आणि कुणाच्या लग्नाला. एरवी आत मोडके बाक, मंडपाचे बांबू आणि कागदी तारे. यंदा दिवाळीनंतर टोळ्या आल्या की हंगाम संपेपर्यंत हा हॉल सोमवार ते शनिवार, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच, त्यांच्या लेकरांसाठी उघडा ठेवायचा.

शाळा काढायची नाही. शाळा गावात आहे, जिल्हा परिषदेची. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वयाच्या मुलाला वर्षाच्या मध्येही शाळेत घ्यावंच लागतं, आधीच्या शाळेचा दाखला हातात नसला तरी. मग टोळीतली मुलं शाळेत का दिसत नाहीत? मागच्या हंगामात मी चार-पाच वेळा कोप्यांवर गेले, तेव्हा कळलं. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. दोघंही अंधारात फडावर जातात. मग तान्ह्याला कोण बघणार? मोठी बहीण. तिच्या शाळेच्या आड कायदा येत नाही, मास्तर येत नाहीत, तिच्या कडेवरचा भाऊ येतो. गावाकडं हंगामी वसतिगृहं असतात, पण सगळ्यांनाच लेकरं मागं ठेवता येत नाहीत. म्हणून हिशेब साधा आहे. धाकटी हॉलमध्ये, मोठी शाळेत. दोन पाळणे, चटया, दुपारची खिचडी, प्यायचं पाणी, आणि लक्ष ठेवायला दोन बाया. एवढ्यानं ती मुलगी मोकळी होते.

हे कमिटीत मांडलं. कुणीही 'नको' म्हणालं नाही. आपल्यात 'नको' म्हणायची पद्धतच नाही. आपण म्हणतो, 'प्रार्थना करू.' मलाही प्रार्थनेवाचून चालत नाही. पण आपली प्रार्थना पुष्कळदा बाहेरून लावलेल्या कडीसारखी असते, काम आतच राहतं.

यहोशवाच्या पुस्तकातला यार्देनेचा प्रसंग शब्बाथशाळेपासून आपल्याला पाठ आहे. त्यात एक बारीक तपशील आहे, माझ्या तो फार उशिरा ध्यानात आला. दिवस कापणीचे होते आणि नदी दुथडी भरून वाहत होती. कराराचा कोश खांद्यावर घेतलेल्या याजकांनी काठावर थांबून पाणी हटण्याची वाट पाहिली नाही. त्यांचे पाय पाण्यात पडले, मग पाणी थांबलं. आधी पाय ओले, मग वाट. आपण उलट क्रम लावतो. आधी परवानगी, आधी पैसे, आधी सगळ्यांचं एकमत, मग पाय. अशानं पाय कोरडे राहतात आणि आपणही याच काठावर राहतो.

कमिटीतल्या काहींनी नंतर, चहाच्या वेळी, मनातलं सांगितलं. एक म्हणणं होतं की ती मुलं हॉल घाण करतील. करतील. ३४ वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला घाणीची भीती घालू नका, फिनेल मी आणीन. पण या वाक्याखाली दुसरं काही आहे, ते ओळखीचं आहे. माझी पणजी छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० साली, अशीच कुणाच्या तरी दारात उभी होती. तिला मिशनच्या बोर्डिंगात घेतलं. तिथं तिला भाकरी मिळाली, पाटी मिळाली आणि पुढं बाप्तिस्माही. 'भाकरीसाठी बाटलेले' हा टोमणा आपल्या कितीतरी घरांनी तीन-तीन पिढ्या ऐकला. त्याच आपण आज त्यांच्या केसांकडं बघून नाक मुरडायचं? लग्नाच्या बोलणीत अजून 'तुमचं मूळ कोणतं?' असं हळूच विचारणारे आपणच आहोत, हेही इथं लिहून ठेवते. कारण हे दोन्ही पाणी एकाच विहिरीतलं आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपण अभिमानानं दाखवतो. त्यांच्या पतीनं १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंना तिथवर यायला आणखी काही वर्षं लागली. त्या वर्षांत त्यांचं आधी काय सुटलं ते बघा. सोवळं सुटलं, पाण्याचा विटाळ सुटला. धर्माचं त्यानंतर. आपल्या हॉलमध्ये एकच माठ असेल आणि त्यावर एकच ओगराळं.

दुसरी भीती खरी आहे आणि तिला मी हसणार नाही. 'लोक म्हणतील, पोरं बाटवायला आणली.' दिवस असे आहेत की चांगल्या कामाकडंही संशयानं पाहिलं जातं. पण असे दिवस पहिल्यांदाच आलेत असं नाही. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ साली मुंबईत सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी पुण्याला आलं. १८९३ मध्ये धर्मांतराच्या संशयावरून केवढा गदारोळ झाला! सल्लागार मंडळातली मोठी माणसं बाजूला झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. सदन बंद पडलं नाही. तीन वर्षांनी मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्याच बाई तिकडं जाऊन उपाशी मुली-बायांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगाचे निर्बंध, नव्या मुली ठेवता येईनात. मग केडगावच्या माळावरच्या जमिनीवर त्यांना नेलं आणि तिथं मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील १८७४ च्या सुमारास दुष्काळात भुकेनं खंगून गेले होते. त्या माळावर आलेल्या मुलींच्या डोळ्यांत त्यांना काय दिसलं असेल, ते मी लिहायची गरज नाही.

आपला प्रसंग त्यांच्याइतका मोठा नाही, आणि एका बाबतीत वेगळाही आहे. या लेकरांचे आईबाप फडात असतात, ते डोळ्यांसमोर नसतात. म्हणून हॉलमध्ये धर्माचं शिकवणं नको. पत्रिका नको, भजन नको, 'येशूबाबाला हात जोड' नको. हे भीतीपोटी नाही. दुसऱ्याचं लेकरू विश्वासानं आपल्याकडं सोपवलं असेल, तर त्या विश्वासाशी इमान राखणं हीसुद्धा आज्ञाच आहे. सरपंच, शाळेचे मुख्याध्यापक आणि पोलीस पाटील यांना आधी लेखी कळवायचं. मुकादमाशी बोलायचं आणि आईबापांचा होकार घ्यायचा. कोणत्याही वेळी दोन मोठी माणसं हॉलमध्ये असलीच पाहिजेत, त्यात एक तरी बाई. मुलांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायचे नाहीत. दारं-खिडक्या उघड्या ठेवायच्या. ज्याला यावंसं वाटेल त्यानं केव्हाही येऊन बघावं.

तरुण संघातल्या एकानं विचारलं, 'मग साक्ष कुठं राहिली?' प्रश्न चांगला आहे. मला दिमिष्कातला हनन्या आठवतो. प्रेषितांच्या पुस्तकात तो जेमतेम एका अध्यायात भेटतो. त्याला दृष्टान्तात सांगितलं गेलं की नीट नावाच्या रस्त्यावर जा, तिथं शौल आहे. हनन्या घाबरला. नुसता घाबरला नाही, त्यानं प्रभूलाच ऐकवलं की या माणसाबद्दल मी काय काय ऐकलं आहे. मला तो आवडतो तो याचसाठी. त्याची भीती गेली मग तो उठला, असं तिथं लिहिलेलं नाही. भीती बरोबर घेऊनच गेला असावा. आणि आत शिरल्यावर त्याचा पहिला शब्द कोणता? भाऊ. जो माणूस आपल्या लोकांना बांधून न्यायला आला होता, त्याला भाऊ. त्या एका शब्दात जेवढी साक्ष आहे, तेवढी आपल्या लाउडस्पीकरमध्ये नाही.

आणि तिसरं, आपलं सगळ्यांचं आवडतं. 'पाळकसाहेब सांगतील तसं करू.' पाळकसाहेबांबद्दल मला आदर आहे, त्यांना हे आवाहन मी आधी वाचून दाखवलं. पण आज्ञापालन म्हणजे वरच्यानं सांगेपर्यंत बसून राहणं, ही समजूत कुठून आली? रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. नव्यानं विश्वासात आलेली, परक्या देशातली, विधवा, कडेवर लहान मुलगी. पुढं पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचा प्रश्न निघाला, तेव्हा बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी नम्रपणे मान खाली घातली नाही. त्यांनी पत्रांतून सडेतोड उत्तरं दिली. ज्या सिस्टर जेराल्डिनला त्या आध्यात्मिक आई मानत, तिच्याशीही वाद घातला. विवेकबुद्धी त्यांनी गहाण टाकली नाही. हीच बाई पुढं ख्रिस्ताच्या शब्दापुढं इतकी वाकली, की संपूर्ण पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणायचं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकली. कितीतरी वर्षं ते काम चाललं, छपाईचं काम मुक्तीतल्या बाया शिकल्या. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी हातातलं काम टाकलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या, तोवर भाषांतर पुरं झालं होतं. माणसांपुढं ताठ आणि प्रभूपुढं वाकलेली, अशी ही बाई होती. आपलं बरेचदा उलट होतं, यात मीही आले.

पैशाचं सांगते. यंदाच्या कापणीच्या लिलावाची रक्कम हॉलच्या रंगाला ठेवली होती. रंग पुढच्या वर्षी देऊ. त्यातून आपल्याच मंडळीतल्या दोन गरजू बायांना मानधन आणि खिचडीचा शिधा निघेल. कमी पडेल तिथं बाहेरगावच्या लोकांनी हात लावावा. तुमचं बालपण याच हॉलच्या ओट्यावर गेलं आहे. महिला मंडळानं आठवड्याचे दिवस वाटून घ्यावेत. निवृत्त शिक्षकांपैकी कुणीतरी शाळेत जाऊन मोठ्या मुलांची नावं घालून द्यावीत आणि आठवड्याला एकदा हजेरीची चौकशी करावी. तरुण संघानं संडासाचं दार बसवावं, ते तीन वर्षं टेकवूनच ठेवलेलं आहे. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी माझ्याकडं येऊन भांडावं. गप्प राहून लांब जाऊ नये.

ती मुलगी यंदा त्याच टोळीबरोबर येईल की नाही, माहीत नाही. मुकादम बदलला की गावं बदलतात. तिचं नावही मी विचारलं नव्हतं.

येत्या शनिवारी सकाळी आठ वाजता हॉल झाडायचा आहे. किल्ली माझ्याकडं आहे. कुलूप गंजलं आहे. दोनदा तेल सोडून पाहिलं, पण एकटीच्या हातानं फिरत नाही. येताना खराटा घरून आणा, आणि कुणाकडं असेल तर हातोडाही.

आपल्या मंडळीतील एक वडील