वरणाचे पाणी नको, घट्ट वरण द्या



बारामती-इंदापूर रस्त्याला लासुर्ण्याच्या शिवारात बघाल तिकडे ऊस. नीरा डाव्या कालव्याने हा मुलूख हिरवा केला. पण उसाला पाणी मिळाले म्हणून मजुराच्या घरातल्या बाळाची वाटी भरतेच असे नाही. आई सकाळी खुरपणीला जाते, बाळ थोरल्या मुलीच्या नाहीतर सासूबाईंच्या कडेवर राहते. दुपारपर्यंत त्याच्या पोटात जाते काय? चहात बुडवलेले बिस्कीट आणि वरणावरचे पाणी. बाळ गप्प झाले की पोट भरले असे आपण समजतो.

सहा महिन्यांपर्यंत फक्त अंगावरचे दूध, वरचे पाणीसुद्धा नको. पुढे ते दूध निदान दोन वर्षे चालू ठेवायचे, पण ते एकटे पुरत नाही. जन्मताना आईकडून मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो. म्हणून सहा महिने भरताच भरवायला लागा. उष्टावणाचा मुहूर्त पाहण्याचे बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराला काय कारण? वंदना जरूर घ्या, पहिला घास मामाच्या हातून द्या, पण मामाला रजा मिळेपर्यंत बाळाला थांबवू नका. आळवी गावी तथागतांनी भुकेल्या शेतकऱ्याला आधी जेवू घातले आणि मग धम्म सांगितला, अशी कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे.

आता पातळ का नको ते पाहा. बाळाच्या पोटात त्याच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे 30 मिली मावते. सात किलोच्या बाळाचे पोट म्हणजे साधारण 200 मिली. एवढ्याशा जागेत पाणी भरले तर अन्नाला जागा कुठली? घास असा असावा की चमचा तिरका केला तरी चटकन ओघळू नये. चहा तर देऊच नका, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही.

घरात आहे त्यातूनच भागते. ज्वारीची भाकरी घट्ट वरणात कुस्करून किंवा मुगाच्या डाळीचा मऊ भात, त्यावर चमचाभर तेल. शेवग्याचा पाला, लाल भोपळा शिजवून, घोटून. शेंगदाण्याचा अगदी बारीक कूट जेवणात मिसळून, अख्खा दाणा मात्र नको, तो श्वासनळीत अडकतो. अंडे उष्ण पडते म्हणून आपल्याकडे अजून टाळतात. तसे काही नाही. नीट उकडून कुस्करलेले अंडे सातव्या महिन्यापासून चालते. मटण केले त्या दिवशी कलेजीचा तुकडा शिजवून, वाटून बाळालाही द्या. कर्त्या माणसाच्या ताटात तो गेलाच पाहिजे असे कोणी ठरवले?

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी करावी. आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांनंतर अर्धी वाटी तीन-चार वेळा, वर्षानंतर पाऊण ते एक वाटी. वाटी 250 मिलीची धरा. मध आणि मीठ-साखर वर्षभर लांबच ठेवा.

हे सगळे करायला वेळ लागतो, आणि मजुरी करणाऱ्या आईकडे नेमका तोच नसतो. बाबासाहेबांनी हे ओळखले होते. 28 जुलै 1928 रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूतीपूर्वी व नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, असे त्यांनी ठामपणे मांडले. 1929 साली कायदा झाला तो कारखान्यातल्या बायांसाठी. रोजाने खुरपणाऱ्या बाईला पगारी रजा आजही नाही. तेव्हा भरवणे हे एकट्या आईचे काम समजू नका. संध्याकाळची वाटी बापाने भरवावी. त्यात कमीपणा कसला?

अंगणवाडीचा आहार 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलाचा हक्क आहे. तो मागून घ्या, आणलेले पाकीट घरात सगळ्यांत वाटू नका. दर महिन्याला वजन करवून घ्या. सहा महिन्यांवरील बाळाच्या दंडाचा घेर अंगणवाडीच्या पट्टीवर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी, म्हणजे लाल भागात आला, तर त्या दिवशीचा रोज बुडाला तरी चालेल, बाळाला आरोग्य केंद्रात न्या.

जुलाब लागलेल्या बाळाला काय भरवावे, ते पुढील अंकी.