'सेवेशी संबंध नाही' : तीन शब्दांत अडकलेली माजी सैनिकांची पेन्शन आणि उपचार

सातारा : नोव्हेंबर उजाडला की खटाव, माण, कोरेगाव भागातल्या सीएससी केंद्रांवर माजी सैनिकांची रांग लागते. हयातीचा दाखला 'स्पर्श' प्रणालीवर चढवायचा असतो. बोटाचे ठसे उमटत नाहीत, सर्व्हर बसतो, आणि बसल्या बसल्या गप्पा निघतात. कुणाचा गुडघा राजौरीत गेलेला, कुणाला लेहला असताना बीपी लागलेलं, कुणाला तोफखान्यात कमी ऐकू यायला लागलेलं. त्यातल्या किती जणांना अपंगत्वाची पेन्शन मिळते असं विचारलं, तर बहुतेकांचं उत्तर एकच असतं : "बोर्डानं नाही म्हटलं."

हे 'बोर्ड' म्हणजे रिलीज मेडिकल बोर्ड. फौजेतून घरी येण्याआधी प्रत्येक जवानाची शेवटची तपासणी होते. आजार असेल तर तो सेवेमुळे झाला का, सेवेमुळे वाढला का आणि अपंगत्व किती टक्के, हे लिहिलं जातं. तिथं 'सेवेमुळे झाला नाही आणि वाढलाही नाही' असा शेरा पडला की पुढचं सगळं थांबतं. त्या दिवशी जवानाचं मन गावाकडं लागलेलं असतं. पंधरा-सोळा कागदांवर सह्या करायच्या असतात, त्यात हाही एक. सही होते, माणूस गाडीत बसतो. आपल्या पानावर काय लिहिलंय हे तो कित्येकदा पाच-सात वर्षांनी पहिल्यांदा वाचतो.

सातबाऱ्यावर चुकीची नोंद पडली तर शेतकरी तलाठ्याच्या दारात धरणं धरतो. मेडिकल बोर्डाच्या नोंदीबाबत मात्र 'वरून आलंय, आता काय होणार' असं समजून गप्प बसलं जातं. तिथंच खरी चूक होते, कारण ही नोंदसुद्धा बदलता येते आणि न्यायालयांनी ती अनेकदा बदलली आहे.

सर्वोच्च न्यायालयाचा धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार हा जुलै 2013 चा निकाल यातला पाया समजला जातो. भरतीच्या वेळी तुम्ही स्वतःच तपासून जवानाला धडधाकट म्हणून घेतलंत, त्याच्या कागदावर कुठल्याही आजाराची नोंद नाही, मग पुढे झालेला आजार सेवेतला धरायचा. तो सेवेमुळे नाही असं म्हणायचं असेल तर तसं सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, असं त्याचं सार आहे. नुसता शेरा मारून भागत नाही, कारण द्यावं लागतं. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका निवृत्त सुभेदाराच्या मधुमेहाच्या प्रकरणात हेच सांगितलं. आजार शांत भागातल्या पोस्टिंगवर असताना सुरू झाला, एवढ्यावरून तो सेवेशी संबंधित नाही असं ठरत नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये याच न्यायालयाने लष्करी न्यायाधिकरणाच्या निकालांविरुद्ध केंद्र सरकारने केलेल्या सुमारे 300 याचिका एका फटक्यात फेटाळल्या. म्हणजे खाली जिंकलेला जवानसुद्धा वर ओढला जात होता.

सरकारचीही एक बाजू आहे. बीपी, शुगर गावातल्या मास्तरलाही होते आणि दुकानदारालाही, मग जवानाचीच सेवेमुळे का धरायची? हा प्रश्न अगदीच वावगा नाही. कॅगने 2023 मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात अपंगत्वाच्या पेन्शनसह निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांचं प्रमाण 36 ते 40 टक्के आणि जवानांचं 15 ते 18 टक्के दाखवलं होतं. त्यानंतर 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम आले. पूर्ण सेवा करून घरी येणाऱ्याला मिळणाऱ्या रकमेचं नाव बदललं आणि जीवनशैलीच्या आजारांबाबत निकष कडक झाले. पण कॅगचे आकडे नीट पाहिले तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. बर्फात आणि वाळवंटात जास्त काळ उभा असतो तो जवान, आणि अपंगत्व जास्त मिळतं अधिकाऱ्याला. कागद वाचणारा आणि कागदावर नुसती सही करणारा यांतला फरकही त्या आकड्यांत असावा, अशी शंका येते. कडक नियमाचा फटकाही मग आधी कुणाला बसणार, हे सांगायला नको.

आता पैशाचं. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के एवढा अपंगत्वाचा भाग मिळतो, आणि त्याच प्रमाणात खाली येत जातो. समजा शेवटचा पगार 40 हजार आणि अपंगत्व 20 टक्के, तर महिन्याला 2,400 रुपये. पण राम अवतार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये टक्का वरच्या टप्प्यावर नेण्याचा फायदा पूर्ण सेवा करून आलेल्यांनाही दिला. 50 च्या खालचा टक्का 50 धरायचा, 50 ते 75 मधला 75 आणि त्यावरचा 100. मग त्याच जवानाचे 2,400 चे 6,000 होतात, महागाई भत्ता वेगळा. वर्षाचा फरक 43,200 रुपये, म्हणजे दोन एकर सोयाबीनमधून खर्च वजा जाता काही वर्षी एवढंही हातात राहत नाही. हा फायदा आपोआप जमा होईल म्हणून वाट बघत बसण्यात अर्थ नाही. पुष्कळांना त्यासाठी न्यायाधिकरणात जावं लागलेलं आहे. पूर्ण सेवा करून आलेल्याचं अपंगत्व 20 टक्क्यांच्या खाली लिहिलं असेल तर मात्र हे दार सहसा उघडत नाही. म्हणून 15 आणि 20 मधला फरक बोर्डासमोरच बोलून घ्यावा लागतो.

आजारपणात घर मागून, म्हणजे स्वतःहून मुदतीआधी आलेल्यांना यात काही नाही असा एक समज आहे. 1 जानेवारी 2006 नंतर आलेल्यांसाठी तो खरा नाही. आजार सेवेशी जोडलेला असेल तर तेही मागू शकतात.

सुरुवात कुठून करायची? बोर्डाच्या कागदापासून. तो हातात नसेल तर आपल्या रेकॉर्ड ऑफिसला लिहून मागायचा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे, तोफखान्याचं नाशिकरोडला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून अर्ज करायचा. स्वतःची मेडिकल कागदपत्रं मागण्याचा हक्क आहे. सोबत कुठं कुठं पोस्टिंग होती त्याचा तपशील, लष्करी दवाखान्यातली डिस्चार्ज कार्डं आणि इजा असेल तर इंज्युरी रिपोर्ट. रजेवर असताना मोटारसायकलवरून पडलेल्यांची गोष्ट वेगळी. ड्युटीशी काही धागा दाखवता आला नाही तर तिथं निकाल विरुद्ध जातात, हे आधीच समजून घेतलेलं बरं.

दावा नाकारल्याचं पत्र आलं की सहा महिन्यांत पहिलं अपील. तेही नाकारलं तर पुढच्या सहा महिन्यांत दुसरं. त्यानंतर लष्करी न्यायाधिकरण, त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. मुदत उलटून गेली म्हणून सगळं संपत नाही, कारण पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते आणि न्यायालयं असा उशीर बऱ्याचदा माफ करतात. पण तर्सेम सिंग प्रकरणातल्या 2008 च्या निकालापासून उशिरा आलेल्या अनेकांना मागची थकबाकी फक्त तीन वर्षांचीच मिळाली आहे. पंधरा वर्षांनी जाग आली तर बारा वर्षांच्या रकमेवर पाणी सोडावं लागू शकतं.

आणि इथंच टक्केवारीवाले भेटतात. 'साहेबांशी ओळख आहे, थकबाकीतले तीस टक्के द्या' असं सांगणारे एजंट तालुक्याच्या गावी हिंडत असतात. वकिलाने निकालाच्या रकमेत वाटा ठरवणं हे बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, एजंटची तर गोष्टच सोडा. 'स्पर्श'चा पासवर्ड आणि ओटीपी तर अशा कुणाच्या हातात देऊच नये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहायला मदत होते, तिला पैसे लागत नाहीत. 26 जुलै 2025 रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 'वीर परिवार सहाय्यता योजना' सुरू केली. त्यात जिल्ह्याच्या सैनिक कार्यालयांतच मोफत कायदेशीर मदतीची सोय करायची आहे. आपल्याकडं ती कुठल्या वारी असते, हे एकदा जाऊन विचारायला हवं. विचारणारेच नसले तर तिथली खुर्ची रिकामी राहते आणि मग कागदावरची योजना कागदावरच.

उपचाराचा प्रश्नही याच शेऱ्याला बांधलेला आहे. ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना 1 एप्रिल 2003 पासून चालू आहे. पण ती मिळते पेन्शन घेणाऱ्याला. सात-आठ वर्षं सेवा झालेल्या पोराला आजारपणामुळे घरी पाठवलं आणि आजाराचा 'सेवेशी संबंध नाही' असं लिहिलं, तर त्याला आजवर ग्रॅच्युइटी देऊन वाटेला लावलं जायचं. पेन्शन नाही म्हणून ईसीएचएसचं कार्डही नाही. ज्याला दवाखान्याची सगळ्यात जास्त गरज, तोच बाहेर. 4 जानेवारी 2019 रोजी किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांना दहा वर्षांच्या आत आले तरी इनव्हॅलिड पेन्शन देण्याचा आदेश 2020 मध्ये निघाला, पण तो नागरी नोकरीलाही कायमचा अपात्र ठरलेल्यांसाठी. त्याआधी घरी आलेल्यांना बोर्डाचा शेरा बदलून घेणं हाच मुख्य रस्ता उरतो.

कार्ड असलेल्यांचंही सगळं सुरळीत आहे असं नाही. आधी पॉलिक्लिनिक, तिथून रेफरल, मग पॅनेलवरचं हॉस्पिटल, असा क्रम. म्हसवडकडच्या माणसाला साताऱ्याला जायचं तर एसटीत अर्धा दिवस जातो. छातीत दुखायला लागलं तर इतकं कोण थांबणार? तशी गरजही नाही. जीवावर बेतलं असेल तर जवळच्या कुठल्याही हॉस्पिटलात जाता येतं, फक्त 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं. हॉस्पिटल पॅनेलवर नसेल तर बिल आधी स्वतः भरायचं आणि नंतर सरकारी दराप्रमाणे परत मागायचं. बिल दोन लाखांचं आणि मंजुरी लाखाची, असं त्यामुळे होऊ शकतं. घरच्यांना 48 तासांचं माहीत नसतं, आणि ज्याला माहीत असतं तो आयसीयूत असतो. पॉलिक्लिनिकचा नंबर म्हाताऱ्याच्या मोबाइलमध्ये असून उपयोगाचा नाही, सुनेच्या मोबाइलमध्ये हवा.

आणखी एक अडचण खास आपल्याकडची. लग्नानंतर बाईचं नाव बदलायची रीत. पलटणीच्या रेकॉर्डला माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. जवान हयात असेपर्यंत ते खपून जातं. तो गेला की कुटुंब पेन्शन आणि ईसीएचएस दोन्ही अडतात आणि साठीची बाई 'ही मीच' हे सिद्ध करत रेकॉर्ड ऑफिस, तहसील, नोटरी असे हेलपाटे घालते. जन्मतारखेचंही तसंच. नवरा हयात असताना त्याच्या एका अर्जावर आणि प्रतिज्ञापत्रावर जे काम होतं, त्याला नंतर वर्ष-दीड वर्ष लागू शकतं. आईवडिलांचं नाव कार्डावर घ्यायचं तर त्यांचं महिन्याचं उत्पन्न 9 हजार अधिक महागाई भत्ता यापेक्षा कमी असावं लागतं.

अपंगत्वाचा दावा चालू असतानाच जवान गेला तर दावा त्याच्याबरोबर जात नाही. त्याच्या हयातीपर्यंतची थकबाकी पत्नी किंवा वारस मागू शकतात. म्हणून ट्रंकेत तळाला पडलेलं डिस्चार्ज बुक आणि त्याच्यासोबतचे पिवळे पडलेले मेडिकलचे कागद रद्दीत घालू नयेत.