जुन्या गाडीचे जड स्टेअरिंग



या वेळी मोटारीच्या फूटव्हॉल्व्हविषयी लिहायचे कबूल केले होते. पण मधल्या टपालात एक पत्र आले आणि ते बाजूला ठेवून पुढे जाता येईना. फूटव्हॉल्व्ह आठवडाभर थांबेल.

पत्र लिहिणाऱ्या ताई तालुक्यापासून १४ किलोमीटरवरच्या खेड्यात राहतात. घरची गाडी मारुती ८००, २००४ सालची, सासऱ्यांनी हौसेने घेतलेली. मालक नोकरीसाठी बाहेरगावी. शेत, दोन म्हशी आणि सासूबाई हे सारे ताईंच्या अंगावर. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी तालुक्याला न्यावे लागते. वर्षभरापासून ताईंचा उजवा खांदा आखडला आहे. रस्त्याने गाडी चालते, पण दवाखान्याच्या अंगणात वळवून लावायची म्हटले की डोळ्यांत पाणी येते. मागच्या महिन्यात तिथल्या वॉचमनने खिडकीतून हात घालून स्टेअरिंग फिरवून दिले. "गॅरेजवाला म्हणतो, २२ हजारांत पॉवर स्टेअरिंग बसवून देतो. बसवू का? की गाडी विकून टाकू?" असे त्यांनी विचारले आहे.

ताई, आधी एक सांगतो. लगेच पैसे मोजू नका आणि गाडीही विकू नका. अगोदर एक जॅक घ्या.

मारुती ८०० ही साडेसहाशे किलोच्या आसपासची हलकी गाडी. तिची चाके १२ इंची आणि टायर अरुंद. कंपनीने १९८३ पासून २०१४ पर्यंत ती काढली, ती साध्या स्टेअरिंगवरच. लाखो बायाबापड्यांनी ती चालवली. म्हणजे ती मुळात इतकी जड नव्हती. अशी गाडी दोन हातांना आवरेनाशी झाली, तर बहुतेक वेळा काहीतरी बिघडलेले किंवा वाळलेले असते. ते न शोधता वर मोटर बसवणे म्हणजे बैलाच्या खुरात खिळा असताना गाडीला दुसरा बैल जुंपण्यासारखे आहे.

आता चाचणी. गाडी सपाट जागी लावा, हॅन्डब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. पुढची दोन्ही चाके उचलून खाली भक्कम लाकडी ठोकळे ठेवा. नुसत्या जॅकवर विसंबू नका आणि खाली कोणी हात घालू नका. किल्ली फिरवून स्टेअरिंगचे कुलूप सोडा, इंजिन बंदच असू द्या. मग दोन बोटांनी स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. चाके अधांतरी असताना ते सहज फिरले, तर दोष टायरकडचा. अधांतरीही जड लागले, अडखळले, कुठे करकरले, तर दोष आतला.

टायरकडचा दोष सोपा. पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा हवा कमी असेल, तर स्टेअरिंग जड होणारच. पंक्चरवाल्याच्या अंदाजावर न जाता मीटर लावून घ्या. कोणी शोभेसाठी रुंद टायर बसवले असतील तर ते काढा. मुलांना ते आवडतात, खांद्याला नाही. व्हील अलाइनमेंटही करून घ्या.

आतला दोष असेल तर चांगला मेकॅनिक शोधा. टायरॉडचे टोक, खालचा बॉलजॉइंट, रॅकचे बुश, रॅकवरचे फाटलेले रबरी बूट आणि त्यातून आत गेलेली आमच्या भागातली लाल माती, हे नेहमीचे गुन्हेगार. पुढच्या शॉकअॅब्सॉर्बरच्या डोक्यावरचे बेअरिंग गंजले, की वळताना स्प्रिंग 'टण्' असा आवाज करते. स्टेअरिंगच्या दांड्यावरचा जोड सुकला तरी ते गच्च होते. यातली बहुतेक कामे २२ हजारांच्या पुष्कळ खाली आटोपतात.

दुसरे असे की, उभ्या गाडीचे स्टेअरिंग कधी पिळू नये. चाक जागच्या जागी घासत फिरते तेव्हा सर्वांत जास्त जोर लागतो. गाडी वीतभर सरकत असताना फिरवा, निम्मा भार उतरतो. दवाखान्याच्या अंगणात थोडी लांबून वळण घ्या. वॉचमन मदतीला येतच असेल, तर स्टेअरिंगला हात लावण्याऐवजी मागे उभा राहून त्याने जागा दाखवावी.

आणि खांदा डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असलेल्यांत असा खांदा आखडणे जास्त आढळते, तेव्हा साखरही तपासून घ्या. हे माझे क्षेत्र नव्हे, पण लिहिल्यावाचून राहवले नाही.

एवढे करूनही खांदा ऐकत नसेल, तर पॉवर स्टेअरिंगचा विचार जरूर करावा. आपल्यापैकी ज्यांनी जुना ट्रॅक्टर आणि नवा पॉवर स्टेअरिंगचा ट्रॅक्टर दोन्ही चालवले, त्यांना त्याचे सुख सांगायला नको. ट्रॅक्टरला तेलाच्या दाबावर चालणारी तऱ्हा असते. छोट्या मोटारीला ती सोसत नाही. पंप इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो, तो ८०० सी.सी.च्या इंजिनाची ताकद खातो, नळ्या गळतात आणि बॉनेटखाली जागाही नसते. छोट्या गाडीला विजेचे बरे. गंमत म्हणजे विजेवरचे पॉवर स्टेअरिंग जगात प्रथम आले तेच एका छोट्या गाडीत, १९८८ साली सुझुकीच्या सर्व्होमध्ये. म्हणजे आपल्या मारुतीच्या नात्यातलीच ती.

त्याचे काम असे चालते. स्टेअरिंगच्या दांड्यात एक बारीक, पीळ खाणारी सळई असते. तुम्ही स्टेअरिंग फिरवले की ती केसभर पिळली जाते. किती आणि कोणत्या बाजूला, ते सेन्सर ओळखून एका पेटीला कळवतो. पेटी दांड्यालगतच्या मोटरला तेवढाच हुकूम सोडते. गाडीचा वेगही पेटीला कळावा लागतो, कारण उभ्या गाडीला मदत भरपूर हवी आणि हमरस्त्यावर अगदी कमी. वेग न कळताच मोटर चालत राहिली तर ८०च्या वेगाला स्टेअरिंग लोण्यासारखे होते आणि गाडी रस्त्यावर भरकटते. जुन्या गाड्यांचा स्पीडोमीटर नुसत्या केबलवर चालतो, त्याच्याकडून विजेचा इशारा मिळत नाही. म्हणून गॅरेजवाल्याला पहिला प्रश्न हा विचारा : "पेटीला गाडीचा वेग कुठून देणार?" तो गोंधळला, तर नमस्कार करून घरी या.

दुसरा प्रश्न विचाराल तो जोडाचा. इथे आमच्या घरची गोष्ट सांगतो.

सात वर्षांपूर्वी माझाही खांदा असाच धरला होता. एका फिटरने भंगार बाजारातून दुसऱ्या गाडीचा मोटरसह दांडा आणला आणि आमच्या जुन्या गाडीत बसवला. तो चार बोटे आखूड पडला. फिटरने जुन्या दांड्याचा तुकडा कापून वेल्डिंगने जोडला, वर काळा रंग मारला. स्टेअरिंग एका बोटाने फिरू लागले. मी खूश होऊन गावभर सांगत सुटलो. आठ महिने काही झाले नाही. एका संध्याकाळी जावईबापूंचा चष्मा ब्रेकच्या पेडलखाली पडला. ते बॅटरी लावून वाकून शोधत होते आणि तसेच वाकलेले राहिले. म्हणाले, "मामा, इथे जरा बघा." वेल्डिंगच्या कडेने गंजाच्या रंगाची एक बारीक रेघ अर्ध्या दांड्याला वळसा घालून गेली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही सारे पसरणीच्या घाटाने महाबळेश्वरला जाणार होतो. दांडा खोलून व्हाइसमध्ये धरला आणि पाना लावला, तर थोड्याशा जोराने दोन तुकडे झाले. त्या रात्री घरात कोणी फार बोलले नाही. दोष फिटरचा खरा, पण न विचारता पैसे मोजणारा मीच होतो.

तेव्हा स्टेअरिंगच्या दांड्याला वेल्डिंग नको म्हणजे नको. दोन्ही टोकांच्या खाचा नेमक्या जुळणारा, पूर्ण मापाचा जोड मिळाला तरच काम करावे. अपघातात दांडा आत दबावा, छातीत घुसू नये, अशीही त्याची रचना असते. कापाकापीत तीही जाते. नंतर आम्ही मापाचा जोड मिळवला, त्याला मात्र तीन महिने लागले. तोवर गाडी छपराखाली उभी होती.

तिसरी गोष्ट विजेची. उभ्या गाडीत स्टेअरिंग पिळताना मोटर क्षणभर तीस-चाळीस अँपिअर करंट ओढू शकते. दोन्ही हेडलाइट मिळून नऊ-दहा अँपिअर घेतात, त्यावरून अंदाज करा. म्हणून जाड वायर थेट बॅटरीवरून, तिला स्वतंत्र फ्यूज आणि किल्लीबरोबर चालू-बंद होणारा रिले हवा. हेडलाइटच्या वायरला जोड मारला तर एक दिवस धूर निघेल. बॅटरी थकलेली असेल तर ती आधी बदला. अल्टरनेटर पुरतो का, तेही तपासून घ्या.

बसवल्यावर एखाद्या मोकळ्या रानात गाडी नेऊन त्या फ्यूजशिवाय सावकाश चालवून पाहा. मोटर बंद पडली तरी दांडा चाकांना जोडलेलाच असतो, गाडी वळते. मात्र बंद मोटरही ओढावी लागते, म्हणून पूर्वीपेक्षा जड लागते. तुमच्या खांद्याला तेवढे जमते का, हे घाटात कळण्यापेक्षा रानात कळलेले बरे. जमत नसेल तर मदतीला माणूस घेतल्याशिवाय निघू नका.

कायद्याचेही बघावे लागते. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. स्टेअरिंगबद्दल आर.टी.ओ. कचेरीत आणि विमा कंपनीकडे आधी लेखी विचारा, उत्तर जपून ठेवा. तुमच्या गाडीची १५ वर्षे केव्हाच भरली, म्हणजे नोंदणी नूतनीकरणाला ती तपासणीसाठी उभी करावीच लागते. तिथे हा बदल दिसणारच.

हे सारे वाचून जीव घाबरला असेल तर माझे स्वतःचे मत सांगतो. जॅकची चाचणी आणि दुरुस्ती करूनही भागले नाही, तर २२ हजारांत भर घालून, कंपनीतूनच पॉवर स्टेअरिंग लावून आलेली जुनी ऑल्टो किंवा वॅगन-आर पाहा. काही मॉडेलांना ते होते, काहींना नव्हते, तेव्हा बसून खात्री करा. किल्ली फिरवल्यावर स्टेअरिंगच्या चित्राचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. दिवा मुळीच लागत नसेल तर तो कोणी काढून ठेवलेला असू शकतो. सासऱ्यांची गाडी विकायला मन होणार नाही, हे पत्राच्या अक्षरावरूनच कळते. ती ठेवायची की नाही, ते तुम्ही आणि सासूबाईंनी ठरवा.

ताई, चाचणीत काय आढळले ते दोन ओळींत कळवा. गॅरेजवाल्याने वेगाबद्दल आणि जोडाबद्दल काय सांगितले, तेही त्याच्याच शब्दांत लिहा. पुढच्या अंकात फूटव्हॉल्व्ह.