गाडी हांकणाऱ्याची झोंप

छत्रपती संभाजीनगराहून फुलंब्री व सिल्लोड मागें टाकून उत्तरेकडे गेलें कीं अजिंठा गांव लागतें. तेथून घाट उतरून रस्ता फर्दापुरावरून जळगांवकडे जातो. या घाटांतून रात्रंदिवस मालमोटारींची ये-जा चालूं असते. आपल्या घरांत येणारीं केळीं, धान्य, कापड अशाच गाड्यांतून येतें. परंतु ती गाडी हांकणारा किती तास जागा होता, हा प्रश्न आपल्या मनांत सहसा येत नाहीं. कायद्यानें मात्र तो फार पूर्वीं विचारला आहे.

सलग ५ तास गाडी हांकल्यावर निदान अर्धा तास विश्रांति पाहिजे, हा दंडक १९३९ च्या मोटार-कायद्यांतच होता. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानें त्यास अधिक रेखीव रूप दिलें. दिवसाचें काम ८ तास व आठवड्याचें ४८. लांबच्या मार्गावर, परवानगी असल्यास, १० व ५४. आज काम सुटल्यापासून उद्यां पुन्हां सुरू होईपर्यंत सलग ९ तासांची विश्रांति, आणि आठवड्यास एक सुटी. हा कायदा ५ किंवा अधिक कामगार ठेवणाऱ्या मालकांपुरता होता. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें हीच वेळमर्यादा मालाच्या व भाड्याच्या सर्व वाहनांस लागू केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९६१ च्या कायद्याची जागा नव्या कामगार-संहितेनें घेतली; तरी दिवसास ८ तास हें मूळ तत्त्व तिनेंही राखलें आहे.

यांत एक बारकावा ध्यानांत घेण्यासारखा आहे. चाक फिरतें तेवढाच वेळ काम, असें १९६१ च्या कायद्यानें मानलें नाहीं. मालासंबंधीं कामें, कागदपत्र, वाटेंतील बिघाड यांचा वेळही त्यानें कामांत धरला. शिवाय विश्रांति धरूनही दिवसभराचें काम १२ तासांपलीकडे पसरूं नये, असें बजावलें. याचें कारण उघड आहे. गोदामाच्या दाराशीं दिवसभर ताटकळणारा मनुष्य गाडी हांकीत नसतो हें खरें. पण तो झोंपलेलाही नसतो, आणि रात्रीं घाट त्यालाच उतरावयाचा असतो.

झोंपेचें कर्ज चहानें किंवा तंबाखूनें फिटत नाहीं. सतत १७ तास जागलेल्या मनुष्याची सावधता रक्तांत ०.०५ टक्के मद्य असलेल्या मनुष्याइतकी उतरते, असें प्रयोगांवरून दिसून आलें आहे. आणि आपल्या कायद्यानें चालकास दिलेली मर्यादा ०.०३ टक्के आहे! मद्यपी चालकास आपण दूषण देतों. जागरण केलेल्यास मात्र कष्टाळू म्हणतों. युरोपांत साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबावें लागतें, व वेळेची नोंद गाडींतील यंत्रच ठेवतें.

आपण म्हणूं, हें मालकांनीं व सरकारनें पाहावें. पण घाई बहुधा गिऱ्हाइकाच्या दारांतून निघते. बदलीच्या गांवीं सामान नेतांना "उद्यां सकाळीं पोंचलेंच पाहिजे" असा हट्ट धरणारे आपणच. मुलांना अजिंठ्याचीं लेणीं दाखवावीं म्हणून पुण्याहून भाड्याची गाडी करून त्याच रात्रीं परतूं पाहणारेही आपणच. एका बाजूचें अंतर सुमारे ३४० किलोमीटर. जाण्यायेण्यासच चौदा तासांच्या आसपास लागतात. ८ तासांत हें गणित कसें बसावें? आणि त्या गाडींत आपलींच मुलेंबाळें बसलेलीं असतात.

फर्दापुरास मोगल काळांतील सराई आहे. प्रवासांत मुक्काम लागतो, हें त्या काळच्या राज्यकर्त्यांस कळत होतें. तेव्हां गाडी ठरवितांना भाड्याबरोबर आणखी तीन गोष्टी ठरवाव्या: चालक काल किती वाजतां झोंपला, वाटेंत कोठें थांबणार, आणि मुक्कामीं त्याच्या निजण्याची सोय काय. अंतर अधिक असल्यास दुसरा चालक घ्यावा, नाहींतर एक रात्र राहावें. त्या रात्रीचा खर्च घरच्या हिशेबांत निराळा मांडण्याचें कारण नाहीं. तो प्रवासखर्चच समजावा.