न दिसणारा खर्च

न्यूझीलंडमध्ये कौन्सिलचे रेट्स वाढले की आपण कुरकुरतो. पण हॅवलॉक नॉर्थ आठवून पाहा. ऑगस्ट २०१६ मध्ये जोरदार पावसानंतर मेंढ्यांच्या लेंड्यांतले कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू तिथल्या बोअरच्या पाण्यात उतरले. ते पाणी क्लोरीन न घालताच घरोघर जात होतं. सुमारे १४,००० वस्तीच्या गावात ५,००० हून जास्त लोक आजारी पडले. चार मृत्यूंशी या साथीचा संबंध जोडला गेला.

जमिनीखालचे पाइप दिसत नाहीत, पंप चालवणाऱ्या संगणकाची सुरक्षाही दिसत नाही. म्हणून काटकसरीची कात्री तिथे सहज चालते. कौन्सिलने मतं मागवली की ‘रेट्स किती वाढणार?’ एवढंच विचारू नका. ‘पाणी निर्जंतुक कसं करता? संगणक हॅक झाला तर पंप हाताने चालवता येतील का?’ हेही विचारा.