औषध आणलंत, चाचणी कुठाय?

हिमोफिलियाच्या रुग्णाला एमिसिझुमॅब मिळालं की टाळ्या वाजतात. वाजवा. पण उद्या त्याचं ऑपरेशन ठरलं आणि लॅबने एपीटीटीवर चालणारी नेहमीची 'वन-स्टेज' चाचणी केली, तर फॅक्टर ८ भलताच जास्त दिसतो. तो वाढलेला नसतो. औषधच चाचणीला चकवतं. अशा वेळी गायीची प्रथिनं वापरणारी क्रोमोजेनिक चाचणी लागते, कारण हे औषध माणसाचीच प्रथिनं ओळखतं. 'महाग आहे, रोज लागत नाही' ही सबब आता पुरे. खोट्या आकड्यावर विसंबून फॅक्टर दिला नाही, तर रक्त रुग्णाचं जाणार, खरेदी विभागाचं नाही. औषधाच्या निविदेतच चाचणीचा खर्च धरा. नाहीतर तुम्ही अर्धाच उपचार विकत घेतलाय.